उरलेलं अन्न संस्थेला देताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या पाचपाखाडीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहिल्याच वर्षी एक मोठी ऑर्डर ऐनवेळी रद्द झाली आणि आठ किलो तांदळाचा मसालेभात हातात राहिला. घोडबंदर रोडच्या बाजूला मुलांची एक संस्था आहे, तिथे तो पाठवायचं ठरवलं. गरम राहावा म्हणून टोपावर झाकण घट्ट बसवलं, वरून जाड चादर गुंडाळली. टेम्पो मिळायला उशीर झाला, मग कापूरबावडीला अडकलो, मानपाड्याला पुन्हा अडकलो. दुपारी एकला गॅसवरून उतरवलेला भात संध्याकाळी सातला पोचला.

तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी झाकण काढलं, चार शितं बोटांत चोळली आणि बोटं हळूच विलग केली. मधे बारीक चिकट तार दिसली, म्हणजे भात बिघडला होता. "ताई, हा नको," त्या म्हणाल्या. "मी खिचडी टाकते." मुलं ताटं घेऊन बसली होती. ती तासभर थांबली, आणि थांबली ती माझ्यामुळे.

भात रांधण्यात काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढच्या सहा तासांत. आज ठाणे-नवी मुंबईतले माझ्यासारखे अनेक व्यावसायिक मनापासून अन्न देऊ पाहतात आणि याच तासांत फसतात.

झाकलेला टोप

सगळ्यात मोठी चूक हीच. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. अन्न ६० अंशांच्या वर असेल किंवा ५ अंशांच्या खाली, तर जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. मधल्या कोमटपणात मात्र ते झपाट्याने वाढतात. चादरीत गुंडाळलेला टोप वरून निवलेला वाटला तरी मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. 'पोचल्यावर उकळून घ्या' हा सल्लाही कामाचा नाही, कारण या जंतूने भातात सोडलेलं, उलट्या घडवणारं विष उकळीने जात नाही.

म्हणून भात द्यायचा ठरला की तो लगेच परातींत काढा. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. वर जाळी, डोक्यावर पंखा. ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत यायला हवा आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत, म्हणजे फ्रिजमध्येच. वरण, उसळ, रस्सा यांनाही हाच नियम. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. हाताला 'गरम आहे' वाटणं आणि ६० अंश यांत फार फरक आहे. ओल्या नारळाचं वाटण घातलेली भाजी मी देतच नाही, ती फार लवकर आंबते.

शटर ओढल्यावरचा फोन

"दहा वाजलेत, तीस माणसांचं जेवण उरलंय, येता का?" असा फोन अन्न पोचवणाऱ्या स्वयंसेवकांना रोज येतो. संस्थांमध्ये आठपर्यंत जेवणं उरकतात, मुलं आणि आजी-आजोबा झोपतात. मग ते अन्न सकाळपर्यंत कुठेतरी पडून राहतं. उरणार की नाही हे आपल्याला खरं तर संध्याकाळी सहालाच कळलेलं असतं. आणखी थोडं विकलं जाईल या आशेवर आपण थांबतो. माझ्याकडे आता साडेसहाचा नियम आहे. त्या वेळी जे जास्त दिसतं ते बाजूला निघतं, मग आठ वाजता दोन गिऱ्हाइकं परत गेली तरी चालतील.

संस्थेशी आधीच बोलून ठेवा. किती माणसं, जेवणाची वेळ कोणती, मधुमेह असलेले किती, फ्रिज आहे का. वृद्धाश्रमात पितृपक्षात आणि सणांना खीर-लाडूंचा पूर येतो, आणि त्याच आठवड्यात पोळ्या कमी पडतात. विचारलंत तर ते सांगतात. न विचारता आलेलं नाकारणं त्यांना फार जड जातं.

काय द्यायचं नाही

ताटात वाढलेलं, उष्टं तर नाहीच. बुफेच्या टेबलावर तीन तास उघडं राहिलेलंही नाही. हॉलवाल्यांनी स्वयंपाकघरातलं न वाढलेलं अन्न आणि टेबलावरचं अन्न सुरुवातीपासून वेगळं ठेवावं, नाहीतर शेवटी सगळं एका टोपात जातं. बेकरीवाल्यांना हे काम सोपं आहे: तारीख न उलटलेला पाव, खारी, टोस्ट. ज्यांनी कधीच दिलं नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

वर्तमानपत्रात काही बांधू नका, त्याची शाई अन्नात उतरते. डब्यावर पदार्थाचं नाव, शिजवल्याची तारीख-वेळ, कधीपर्यंत खायचं, शाकाहारी की मांसाहारी आणि तुमच्या दुकानाचं नाव लिहा. शेंगदाण्याचा कूट असेल तर तेही, कारण तो भाजीत दिसत नाही. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे वेगळे नियम आहेत. तुमच्या परवान्याबरोबर तेही एकदा वाचून घ्या.

पावती आणि फोटो

अन्नाच्या दानावर प्राप्तिकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, वस्तुरूप दानाला ती लागूच नाही. तेव्हा पावतीसाठी संस्थेला अडवू नका. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेत असाल तर फुकट दिलेल्या मालाचं क्रेडिट परत करावं लागतं, हे सीएंना आधीच विचारा.

मुलांच्या हातात पाकीट देऊन फोटो काढू नका. बालगृहातल्या मुलांची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी जेवायला बसलेल्या मुलाला कॅमेऱ्याकडे बघायला लावणं मला पटलं नसतं.

पोचायला उशीर होतोय

पावसाळ्यात हे होणारच. ऐरोलीचा पूल तुंबतो, गाडी येत नाही. अशा वेळी माझी एक साधी विभागणी आहे. पोळ्या, तिळाची कोरडी चटणी, खारी, टोस्ट हे पुढे जातं. भात, वरण, उसळ दोन तासांत पोचणार नसेल आणि थंड करून ठेवलेलं नसेल, तर ते निघतच नाही, ओल्या कचऱ्यात जातं. तसं संस्थेला लगेच कळवायचं: "मावशी, आज फक्त पोळ्या येताहेत, तुमचं वरण चढवा." हा फोन साडेसहाला गेला तर मुलं वेळेवर जेवतात.