दुसऱ्याच्या संकेतस्थळावर खरंच किती लोक येतात? अंदाजाचा आकडा पारखून कसा घ्यावा

एखाद्या मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर जाहिरात द्यायची आहे, किंवा आपल्याच विषयावरचं दुसरं संकेतस्थळ कुठवर पोचलंय ते पाहायचंय. मालकाचे आकडे आपल्याला दिसत नाहीत. मग आपण सिमिलरवेब, सेमरश किंवा एचरेफ्स यांसारखं, कोणत्याही संकेतस्थळाच्या वाचकांचा अंदाज देणारं साधन उघडतो, पत्ता टाकतो आणि महिन्याच्या भेटींचा आकडा समोर येतो. तो मोजलेला नसतो, अंदाजे काढलेला असतो. अंदाज वापरायला काहीच हरकत नाही, पण तो किती चुकतो हे आधी काढून घ्यायला हवं, आणि ते कुणालाही काढता येतं. छोट्या मराठी संकेतस्थळांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण या पद्धतीत सर्वांत जास्त अन्याय त्यांच्यावरच होतो.

पहिली पायरी: आकडा आला कुठून ते बघा

ही साधनं ढोबळपणे दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार नमुन्यावर चालतो. काही लोकांच्या ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), काही अ‍ॅप्स, भागीदार कंपन्यांकडून आलेली माहिती आणि स्वतःहून आकडे देणारी संकेतस्थळं, या सगळ्यांवरून पूर्ण चित्राचा अंदाज बांधला जातो. सिमिलरवेब या प्रकारातलं. दुसरा प्रकार गूगलच्या शोधावर चालतो. कोणत्या शब्दाला संकेतस्थळ कितव्या क्रमांकावर दिसतं, तो शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो आणि त्या क्रमांकावर साधारण किती जण क्लिक करतात, यांचा गुणाकार केला जातो. एचरेफ्सवर ठळकपणे दिसणारा ऑरगॅनिक ट्रॅफिकचा, म्हणजे जाहिरातीशिवाय शोधातून आलेल्यांचा आकडा असा काढलेला असतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून, फेसबुकवरून किंवा थेट पत्ता टाकून आलेला माणूस धरलेलाच नसतो. ज्या संकेतस्थळाचे लेख घराघरांतल्या ग्रुपवर फिरतात, त्याचा बहुतेक वाचक इथे दिसणारच नाही.

मराठीची आणखी एक अडचण आहे. एकच गोष्ट कुणी देवनागरीत शोधतो, कुणी रोमन लिपीत टाइप करतो, कुणाचा ऱ्हस्व-दीर्घ वेगळा पडतो. शोध असा विखुरला की प्रत्येक शब्दाची संख्या लहान होते, आणि लहान संख्येचे शब्द अशा साधनांच्या साठ्यातून सहज निसटतात.

नमुन्याच्या पद्धतीतली खोट वेगळी आहे. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाही. म्हणजे एक्स्टेन्शनमधून येणारी माहिती मुख्यतः संगणकावरच्या वाचकांची, आणि आपल्याकडचा वाचक तर मोठ्या प्रमाणात फोनवर.

दुसरी पायरी: संकेतस्थळाचा आकार लक्षात घ्या

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं पुरेशी हातात यायला हवीत. समजा, एखाद्या साधनाच्या नमुन्यात हजारातला एक माणूस आहे. महिन्याला ५० लाख भेटी असलेल्या संकेतस्थळाच्या सुमारे ५,००० भेटी त्या नमुन्यात येतील. त्यात योगायोगाने ७० इकडे-तिकडे झाल्या तरी फरक दीड टक्क्याचाच. आता महिन्याला ५,००० भेटींचं संकेतस्थळ घ्या. नमुन्यात येतील जेमतेम ५. एका महिन्यात ३ सापडल्या, पुढच्या महिन्यात ८, की साधन सांगणार ३,००० वरून ८,००० वर झेप! प्रत्यक्षात काहीही बदललेलं नसतं. अशा संकेतस्थळाचा चढता-उतरता आलेख पाहून निर्णय घेऊ नका. नमुन्याचा संगणकावरच्या वाचकांकडे असलेला कल मात्र नमुना मोठा केल्यानेही जात नाही, म्हणून मोठ्या संकेतस्थळाचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नये.

ही गोष्ट जुनीच आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली आणि १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेली अ‍ॅलेक्सा ही कंपनी ब्राउझरमध्ये तिचा टूलबार (वरची जादा पट्टी) बसवलेल्या लोकांवरून संकेतस्थळांचे क्रमांक लावत असे. एक लाखाच्या पलीकडचे क्रमांक भरवशाचे मानू नका, असं ती स्वतःच सांगायची. तरीही कितीतरी वर्षं लोक तिथले चार-पाच लाखांतले क्रमांक दाखवून जाहिराती विकत राहिले. १ मे २०२२ रोजी ती सेवा बंद झाली.

तिसरी पायरी: खरा आकडा माहीत असलेल्या ठिकाणी साधनाची परीक्षा घ्या

सगळी मेहनत इथे करा. तुमचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर गूगल अ‍ॅनॅलिटिक्स या वाचक मोजणाऱ्या सेवेतल्या महिन्याच्या सेशन्सशी (म्हणजे भेटींशी) साधनाच्या भेटी ताडून बघा. साधन फक्त शोधातून येणाऱ्यांचं असेल तर तुलना गूगल शोधातून तुमच्याकडे आलेल्या क्लिक्स दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमधल्या आकड्याशी करा. महिना तोच हवा आणि एककही तेच. भेटी, पानं उघडल्याची संख्या आणि वापरकर्ते या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच माणूस फोनवरून आणि ऑफिसच्या संगणकावरून आला तर बहुधा दोन वापरकर्ते मोजले जातात. अ‍ॅनॅलिटिक्सही अचूक नाही, जाहिराती अडवणारं अ‍ॅप वापरणारे काही वाचक त्यातून सुटतात. तरी तो प्रत्यक्ष मोजलेला आकडा आहे.

स्वतःचं संकेतस्थळ नसेल तर विकिपीडिया मदतीला आहे. विकिमीडिया आपल्या प्रत्येक प्रकल्पाचे पानं उघडल्याचे आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवते, आणि त्यात माणसांची व यंत्रांची वाचनं वेगळी दाखवते. विकिमीडिया स्टॅटिस्टिक्सच्या पानावर मराठी विकिपीडिया निवडा आणि मागच्या महिन्याची फक्त माणसांची वाचनं टिपून घ्या. मग साधनात मराठी विकिपीडियाचा पूर्ण पत्ता टाका. साधनाने सगळ्या भाषांच्या विकिपीडियाचा एकत्र आकडा दिला तर ती तुलना सोडून द्या. साधन भेटी दाखवत असेल तर त्यांना 'दर भेटीत किती पानं' या आकड्याने गुणा, म्हणजे पानांशी पानांची तुलना होईल. हेच हिंदी आणि कोकणी विकिपीडियासाठी करा. हिंदी मोठा, मराठी मधला, कोकणी लहान. आकार घटतो तसा अंदाज किती डळमळतो ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल, आणि कोकणीच्या वेळी साधनाकडे माहितीच नसण्याचीही तयारी ठेवा.

चौथी पायरी: गुणोत्तर काढा

खरा आकडा भागिले साधनाचा आकडा. समजा, पाच ठिकाणी उत्तरं २.१, २.३, २.४, २.२ आणि २.५ आली. साधन निम्म्याहून कमी दाखवतंय, तरी ते कामाचं आहे, कारण ते सगळीकडे सारखंच कमी दाखवतं. त्याच धाटणीच्या आणि आकाराच्या संकेतस्थळाच्या आकड्याला त्यांच्या सरासरीने, म्हणजे २.३ ने गुणलं की झालं. पण उत्तरं ०.४, ३, १.१, ५ आणि ०.७ अशी आली, तर सरासरी काढत बसू नका. त्या साधनाचा आकडा या कामासाठी वापरण्याजोगा नाही. माझ्या मते साधन किती चुकतं यापेक्षा ते किती वेगवेगळं चुकतं हे कळणं जास्त मोलाचं आहे.

गुणोत्तर जुळलं तरी साधनाला 'किती?' यापेक्षा 'दोघांत मोठं कोण?' हा प्रश्न विचारा, आणि दोघांत दुपटी-तिपटीचा फरक असेल तरच उत्तर धरा. फक्त ढोबळ आकार हवा असेल तर क्रोम वापरणाऱ्यांच्या माहितीवरून बनणारा गूगलचा क्रोम यूएक्स रिपोर्ट बघा. तो नेमका क्रमांक न देता पहिल्या हजारात, दहा हजारांत, लाखात असे गट देतो, आणि माझ्या दृष्टीने तेच प्रामाणिक आहे.

पाचवी पायरी: पैसे द्यायचे असतील तर अंदाजावर थांबू नका

मालकाकडे अ‍ॅनॅलिटिक्सचा फक्त पाहण्याचा प्रवेश मागा, त्याला व्ह्यूअर म्हणतात. तेवढं नको असेल तर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून आकडे दाखवायला सांगा आणि पान तुमच्यासमोर रिफ्रेश करायला लावा. नुसता स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, ब्राउझरमध्ये पानावरचा कोणताही आकडा मिनिटभरात बदलता येतो. आणि पहिली जाहिरात लहान ठेवा. तिच्या लिंकला यूटीएम खूण (वाचक कुठून आला ते सांगणारी, पत्त्याच्या शेवटी जोडायची अक्षरं) जोडली की त्या संकेतस्थळावरून तुमच्याकडे किती माणसं आली हे तुमच्याच अ‍ॅनॅलिटिक्समध्ये दिसेल. पुढच्या जाहिरातीचा दर त्या आकड्यावर ठरवा.