सोमच्या युद्धभूमीवर सायकल चालवताना या चुका टाळा

मी उत्तर फ्रान्समधल्या आमियाँला राहतो, त्यामुळे पुण्या-नाशकाहून किंवा लंडनहून इकडे येणारे मराठी सायकलवाले बेत ठरला की मला मार्ग पाठवतात. "एकदा नजर टाका ना." नजर टाकतो, आणि बहुतेक वेळा तेच दिसतं. एका दिवसात एकशे चाळीस किलोमीटर, चौदा स्मारकं, दुपारी एक वाजता जेवण आणि मधोमध डी 929 नावाचा सरळसोट रस्ता. मार्ग आखणाऱ्याने मन लावून आखलेला असतो, पण इथल्या जमिनीचा विचार त्यात नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किलोमीटर मोजणं. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या निम्म्या चुका तिच्यातूनच निघतात.

पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई 1 जुलै 1916 ला सुरू झाली आणि 18 नोव्हेंबरला थांबली. एकूण 141 दिवस. पहिल्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे 57,470 जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मेलेले 19,240. आल्बेरपासून बापोमपर्यंतचं अंतर सायकलवर तासाभराचं. साडेचार महिन्यांत ब्रिटिश सैन्य त्या रस्त्याने ब्यूट द वार्लाँकूर नावाच्या टेकाडाच्या पायथ्यापर्यंत पोचलं, बापोम हाती आलंच नाही. पहिल्या दिवशी आघाडी जिथे होती त्या ला ब्वासेल गावापासून ते टेकाड दहा-एक किलोमीटरवर आहे. रोज शंभर किलोमीटर करणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच त्याने तो स्वतःच्या पायांनी, हळू, थांबत थांबत कापायला हवा. एक चढ संपला की डावीकडे दफनभूमी, पुढच्या वळणावर दुसरी, त्यापुढे शेतात एकटीच तिसरी. ताशी तीस किलोमीटरने गेलात तर या जागा एकमेकींच्या इतक्या जवळ का आहेत हे कळतच नाही.

माझी सवय सांगतो. आल्बेरहून निघायचं, आंक्र नदीच्या कडेने अवेलुई, ओतुई करत तिएपवालला चढायचं, मग पोझिएर, काँताल्मेझाँ, लाँगवाल आणि परत आल्बेर. पस्तीस-चाळीस किलोमीटर. एवढ्यात दिवस भरतो. तिएपवालच्या स्मारकावर 72,000 हून अधिक नावं आहेत, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांची. ते बांधलं एडविन लटियन्सने, म्हणजे दिल्लीचं इंडिया गेट ज्याने बांधलं त्यानेच. इंडिया गेटचं उद्घाटन 1931 चं, तिएपवालचं 1932 चं. कमानीखाली उभं राहून निदान एका खांबावरची नावं वाचा. फोटो काढून पाच मिनिटांत निघणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं, आणि तसं मी त्यांना सांगतोही.

आता तो सरळ रस्ता. डी 929 हा जुना रोमन रस्ता, आल्बेर ते बापोम. नकाशावर मोहक दिसतो. लढाईचा कणाही तोच, त्यामुळे लोकांना वाटतं की त्यावरून गेलंच पाहिजे. प्रत्यक्षात त्यावरून ट्रक आणि गाड्या सुसाट जातात. ओलांडायला हरकत नाही, त्यावर राहू नका. ला ब्वासेलचा लॉकनागर विवर पाहायला गावातून बाजूला वळावंच लागतं. 1 जुलैच्या सकाळी 7 वाजून 28 मिनिटांनी उडवलेल्या सुरुंगाचा हा खड्डा सुमारे शंभर मीटर रुंद आहे. तिथून पुढे काँताल्मेझाँमार्गे गावागावांतले छोटे रस्ते धरले की तासात मोजून चार ट्रॅक्टर भेटतात.

दुसरी लाडकी चूक म्हणजे शेतातला शॉर्टकट.

गेल्या वसंतात पुण्याची तीन मुलं आली होती. चांगली तयारीची, कार्बनच्या सायकली, पंचवीस मिलिमीटरचे टायर. रात्री पाऊस पडून गेला होता. फ्लेरहून मार्टँपुइशकडे जाताना त्यांच्या मोबाइलने दोन किलोमीटर वाचवणारी पांढरी रेघ दाखवली. मी म्हटलं, डांबरावरून जाऊ. दोघे माझ्याबरोबर आले, तिसरा म्हणाला, "काका, पुढच्या चौकात भेटतो, मीच आधी पोचेन."

चौकात आम्ही वाट पाहत बसलो. मग फोन आला.

इथली माती म्हणजे चिकण आणि खडू यांचं मिश्रण. ओली झाली की करडी-पांढरी खळ होते. टायरला चिकटते, टायर ती फोर्कखाली ओढतं, ब्रेकच्या खाचेत ती ठासून भरते आणि चाक फिरायचं थांबतं. या पठ्ठ्याने पाय थांबवण्याऐवजी जोर लावला. गिअर बदलणारा मागचा डिरेलर वर ओढला जाऊन आऱ्यांत अडकला, त्याला धरणारा हँगर कट्‌कन तुटला, दोन आऱ्या वाकल्या. आम्ही पोचलो तेव्हा सायकल खांद्यावर, बुटांच्या क्लीटला, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या खाचेला, विटेएवढा चिखल आणि पोराचा चेहरा उतरलेला. चेन तोडून आखूड केली असती तर एका गिअरवर गावापर्यंत आली असती, पण त्याच्याकडे चेन टूल नव्हतं आणि माझं त्याच्या चेनला बसेना. तो दिवस रविवार. सायकलचं दुकान बंद, सोमवारीही बंद. आल्बेर स्टेशनपर्यंत आळीपाळीने सायकल वाहून नेली आणि दोन दिवसांचा बेत तिथेच संपला.

ही तीच माती, ज्यात 1916 च्या ऑक्टोबरमध्ये माणसं आणि घोडे रुतले होते. 15 सप्टेंबर 1916 ला याच फ्लेरच्या शिवारात जगात पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले, आणि त्यातले कितीतरी खड्ड्यांत नि चिखलात अडकून पडले. जिथे रणगाडा रुतला, तिथे पंचवीस मिलिमीटरचं टायर चालेल असं मानणं मला खरंच समजत नाही.

म्हणून माझा नियम असा: आदल्या रात्री पूर्ण मार्ग उपग्रहाच्या चित्रावर बघायचा. करडं म्हणजे डांबर, पांढरं किंवा तपकिरी म्हणजे शेतवाट. शेतवाट सलग चार कोरडे दिवस गेल्याशिवाय धरायची नाही. टायर अठ्ठावीसच्या खाली नको, बत्तीस उत्तम. पिशवीत स्वतःच्या सायकलचा जादा हँगर, स्वतःच्या चेनला बसणारं टूल आणि चेन जोडायची क्विक लिंक. ऑक्टोबरपासून बीटची काढणी चालू असते, तेव्हा ट्रॅक्टर तीच माती डांबरावर आणून टाकतात. त्या दिवसांत वळणावर ब्रेक दाबत वळू नका, आधी वेग कमी करा.

शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी गंजलेले बॉम्बगोळे ठेवलेले दिसतील. नांगराला लागलेले असतात, सुरुंग-निकामी पथकाने उचलून न्यावेत म्हणून शेतकऱ्याने बाजूला ठेवलेले. हात लावायचा नाही. पाय लावायचा नाही. सायकल टेकवून फोटो काढायचा नाही. काहींत विषारी वायू आहे आणि शंभर वर्षांनीही ते जिवंत असतात. "छोटंसं काडतूस आठवण म्हणून नेतो" असं कोणी म्हणालं तर त्याच्याबरोबर मी पुढे जात नाही. बोमाँ-आमेलच्या न्यूफाउंडलंड स्मारकात खंदक जसेच्या तसे राखले आहेत. तिथे सायकल बाहेर लावा, क्लीटचे बूट बदला आणि दोरी लावलेल्या भागात शिरू नका. ते गवत मेंढ्या चारून आखूड ठेवतात, यावरून काय ते समजा.

भारतीयांच्या जागांबद्दल एक चूक मला फार लागते. लोक सोमला येतात आणि नव्ह-शापेल त्याच दिवसात कोंबतात. आल्बेरहून ते साठ-पासष्ट किलोमीटर दूर, दुसऱ्याच सपाट मुलखात. आणि नाही कोंबलं तर वगळतात, हे त्याहून वाईट. तिथल्या भारतीय स्मारकावर 4,700 हून अधिक नावं आहेत, पलटणीनुसार कोरलेली. 28 ऑक्टोबर 1914 ला या गावावर झालेल्या हल्ल्यात 47 व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स, ज्यांत मराठे, शीख, मुसलमान सगळे होते. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं त्या दिवशी पायदळासारखी लढली आणि त्यांची भयंकर हानी झाली. पुण्याहून येऊन ही नावं न वाचता परत जायचं?

याला वेगळा दिवस द्या. लोकलने बेथ्यूनला उतरा. गावच्या दफनभूमीत पूना हॉर्स या घोडदळ पलटणीच्या लेफ्टनंट फ्रँक डी पासची समाधी आहे. 24 नोव्हेंबर 1914 ला फेस्त्युबेरजवळच्या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दुसऱ्याच दिवशी तो मारला गेला. तिथून गोरची ब्रिटिश-भारतीय दफनभूमी, फेस्त्युबेर, रिशबूर आणि नव्ह-शापेल असा सगळा सपाट रस्ता. स्मारक मात्र वर्दळीच्या चौकात आहे, शेवटी जपून. निघण्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने शोधून दोन-चार नावं वहीत उतरवून घ्या. समोर भिंत आली की डोळ्यांना कुठे थांबायचं ते कळतं.

लाँगवालला थांबलात तर डेल्व्हिल वूड आणि हाय वूड यांच्या मधलं शेतही बघा. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी तिथे भाले घेऊन चाल केली. फलक शोधत बसू नका, रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही रानं दिसतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पाणी. गावोगाव नळ असेल असं समजू नका. फ्रेंच दफनभूमीतला नळ झाडांसाठी असतो, "ओ नाँ पोताब्ल" (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं असेल तर पिऊ नका. दोन बाटल्या आल्बेरमध्येच भरा.

जेवण. बारा ते दोन दुकानं बंद, रविवार दुपारपासून जवळजवळ सगळंच बंद, सोमवारी बेकरीही बंद असू शकते. बऱ्याच गावांत दुकानच नाही. मी गूळपोळ्या बांधून नेतो. त्या चुरत नाहीत, वितळत नाहीत.

वारा. हे पठार उघडं आहे, आडोसा नाही, आणि वारा बहुधा पश्चिमेकडून. ताजे पाय असताना वाऱ्याच्या तोंडावर निघा आणि परतताना तो पाठीवर घ्या. उलटं करणारे संध्याकाळी रडकुंडीला येतात.

उजवीकडून येणारी गाडी. खुणा नसलेल्या गावातल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो गल्लीतून आला तरी. तो थांबणार नाही, तुम्ही थांबा.

कानातले हेडफोन बंदी आहेत, दंड 135 युरो. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे.

आणि तारीख बघा. 25 एप्रिलला व्हिलेर-ब्रेतोनोला ऑस्ट्रेलियन लोकांचा पहाटेचा विधी असतो, 1 जुलैला तिएपवाल आणि लॉकनागरला कार्यक्रम. त्या दिवशी रस्ते अडवतात आणि खोल्या फार आधीच भरतात. विधीलाच यायचं असेल तर जरूर या, पण सायकल खोलीवर ठेवून. सायकलसाठी मे महिन्यातला मंगळवार ते शुक्रवार निवडा.