कोशर वाईन करताय? आधी सणांचं कॅलेंडर बघा आणि या चुका टाळा

जेरुसलेमच्या पश्चिमेला ज्युदियन टेकड्यांमध्ये छोट्या वायनरीत मी बरीच वर्षं कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे चालणारी, वाईन करतोय आणि दर हंगामात नवी मुलं त्याच त्याच चुका करताना बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे द्राक्षं गोड झाली की तोडायची आणि सण कधी आहे ते बघायचंच नाही. इथे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि रोश हशाना (ज्यू नववर्ष), योम किपूर, सुक्कोत हे आमचे सण सगळे नेमके त्यातच येतात. शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र, कामाला सुट्टी), सणाला टाकीला हात लावायचा नाही, आणि बिगर-ज्यू माणसाकडून करून घेतलं तर वाईन कोशर राहत नाही, म्हणजे कोणीच हात लावू शकत नाही.

2013 मध्ये रोश हशाना गुरुवार-शुक्रवार, 5 आणि 6 सप्टेंबरला आला, लगेच शब्बाथ. आम्ही आधीच्या रविवारी मर्लो जातीची द्राक्षं चिरडली आणि घाई एवढी की त्याच दिवशी यीस्ट टाकलं. बुधवारी दुपारी फर्मेंटेशन अगदी जोरात. शेवटचं एकदा सालं खाली दाबली, उघड्या टबांवर चादरी टाकल्या आणि सूर्यास्ताआधी घरी गेलो. शनिवारी रात्री दार उघडलं तर नेलपॉलिशसारखा वास! वर चिलटं, सालांचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक झालेला आणि खाली हात घातला तर गरम. वरचा थर काढून टाकला, रस वेगळा केला, तरी आंबूसपणा गेला नाही. सगळा माल पडेल भावात द्यावा लागला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पण तेलबिया एक दिवस थांबतात, आंबायला लागलेली द्राक्षं थांबत नाहीत. म्हणून मी आता सणाच्या आधीच्या चार दिवसांत यीस्ट टाकतच नाही. चिरडलेला माल बंद टाकीत 8 डिग्रीला ठेवतो आणि सण संपला की यीस्ट. आधीच सुरू झालेलं असेल तर झाकणवाली टाकी, कूलिंग चालू आणि सूर्यास्ताआधी लावलेला टायमरचा पंप, पण तो आधी आपल्या रब्बीला (धर्मगुरूला) विचारूनच.

दुसरी चूक, मालकानेच नमुना काढणं. इथले बरेच मालक शब्बाथ पाळत नाहीत, आणि द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंत वाईनला हात लागायचा तो फक्त शब्बाथ पाळणाऱ्यांचाच. माझ्या ओळखीच्या एकाने साखर बघायला नळाचं सील तोडून थोडासा रस काढला आणि सगळी टाकी कोशरच्या बाहेर गेली. नमुना हवा असेल तर पाळणाऱ्या कामगाराला सांगा, तो ग्लासात काढून देईल, आणि ग्लासातलं परत टाकीत ओतायचं नाही. बॅरलमधली वाईन उडून कमी होते, ती भरायलाही तोच माणूस लागतो, म्हणून त्याचा वार ठरवून टाका. आमच्याकडे एक आड एक गुरुवार.

मेवुशाल, म्हणजे तापवलेली वाईन, जी नंतर कोणीही वाढली तरी कोशर राहते. पण ते म्हणजे पातेल्यात उकळणं नव्हे!! तसं केलं की वाईनला जॅमची चव येते. रस मशीनमधून काही सेकंद 80 डिग्रीच्या वर जातो आणि लगेच थंड होतो. कुठलं तापमान चालेल ते तुमचा रब्बी सांगेल. आणि केटरर मागत नसतील तर करूच नका, इथल्या बहुतेक चांगल्या वाईन मेवुशाल नसतात.

यीस्ट, एन्झाइम, प्रत्येक पाकिटावर कोशर शिक्का बघा. वाईन नितळ करायला बेंटोनाइट माती वापरा, दुधातलं केसीन नको, आमच्यात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, मग मटणाबरोबर वाईन पिता येत नाही.

नव्या वेलींना पहिली तीन वर्षं फळ लागलं तरी धर्माच्या नियमाने वापरायचं नाही. लोक इथे हमखास वर्ष चुकवतात, म्हणून लावणीची तारीख वहीत लिहा.

आणि इस्राएलमध्ये धर्माच्या नियमाने एक टक्क्याहून थोडी जास्त वाईन ओतून टाकावी लागते. हे बॉटलिंगच्या सकाळी आठवलं की हिशेब कोलमडतो. मी 1000 लिटरला साडेदहा लिटर सुरुवातीलाच वजा धरतो.