देवाच्या वेळेची वाट पाहताना निर्णय कसा घ्यावा

सातपूरमधील नोकरी सोडून पुण्याला जावे की नाही, या प्रश्नावर मी तीन आठवडे सर्वांना "देवाची वेळ आली की कळेल" असे सांगत राहिलो, आणि होकार कळवण्याची मुदत निघून गेली. त्याला मी वाट पाहणे म्हणत होतो. प्रत्यक्षात ती भीती होती. म्हणून सर्वप्रथम एका कागदावर रेघ ओढून आपल्या हातातल्या गोष्टी एका बाजूला आणि हाताबाहेरच्या दुसऱ्या बाजूला लिहाव्यात. घरभाडे, आईचे औषधपाणी, मुलांच्या शाळेचा प्रवेश यांची चौकशी आपणच करायची असते. वाट पाहायची ती केवळ दुसऱ्या बाजूची.

पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेल्या यहूदी नहेम्याचे बायबलमधील उदाहरण मला येथे सर्वांत उपयोगी वाटते. यरुशलेमेच्या तटाची दुर्दशा कळल्यावर तो यहूदी पंचांगातील किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, थांबला, पण राजाने "तुझी विनंती काय?" असे विचारताच त्याने परतण्याची मुदत सांगितली, अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली आणि वेशींना लागणाऱ्या लाकडाचीही मागणी केली. प्रार्थनेच्या त्या महिन्यांत त्याची तयारीही चालली होती, हे उघड आहे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे निराळे सांगायला नको. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल बोडका दिसतो, त्या बहराचे फळ धरले जात नाही. तरीही पुढे येणारे घड उन्हाळ्यातच नव्या काडीच्या डोळ्यांत तयार होत असतात, आणि त्या दिवसांत पाणी व खत चुकले तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हळहळून उपयोग नसतो.

संधी समोर आली म्हणजे देवाने होकार दिला, असे लगेच धरू नये. एन-गेदीच्या गुहेत, दाविदाच्या जिवावर उठलेला इस्राएलचा राजा शौल दाविदाच्या हाती आयता सापडला होता आणि सोबतचे लोक "हाच तो दिवस" म्हणत होते. दाविदाने मात्र हात आवरला. उलट गिलगालात लोक पांगू लागलेले पाहून शौलाने संदेष्टा शमुवेल याची वाट न पाहता होमबली (देवाला जाळून द्यायचे अर्पण) स्वतःच अर्पण केला, आणि ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल येऊन पोहोचला. "आजच सही करा" असा आग्रह झाला, की मला गिलगाल आठवते. चिन्ह मागण्याची सवयही मला फारशी रुचत नाही. इस्राएलचा पुढारी गिदोन याने देवाकडून चिन्ह मिळावे म्हणून लोकर पसरली खरी, पण लढाईची आज्ञा त्याला त्याआधीच मिळाली होती.

सल्ला दोघातिघांचाच घ्यावा: पाळकांचा, त्या व्यवसायातील जाणत्याचा आणि आपल्या निर्णयात ज्याचा काडीचाही लाभ नाही अशा एखाद्याचा. घरातील एकाची खात्री पटली म्हणजे सर्वांची पटली, असेही समजू नये. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो 1900 साली, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. पती-पत्नींपैकी एकाचे मन तयार नसेल, तर ती पाच वर्षे ध्यानात ठेवून थांबणे बरे.

मात्र थांबण्यालाही तारीख असावी. मी आता वहीच्या पानावर वरच्या बाजूला प्रार्थनेचा विषय आणि खाली निर्णयाचा दिवस लिहितो. त्या दिवसापर्यंत शास्त्राविरुद्ध काही आढळले नाही, चौकशी पुरी झाली आणि घरच्यांचे मन जुळले, तर "प्रभूची इच्छा असल्यास" असे म्हणून पाऊल उचलतो. पुढे वाट बंद झाली तर ती विश्वासाची हार मानत नाही. प्रेषित पौलाला आशियात (तेव्हाच्या रोमी प्रांतात) वचन सांगण्यास मनाई झाली, बिथुनियातही जाऊ दिले गेले नाही. तरी तो चालत राहिला, आणि मासेदोनियाचा मनुष्य त्याला दृष्टान्तात दिसला तो त्रोवसास पोहोचल्यावर.