'इन्फेक्शस' आणि 'कन्टेजस': या चुका टाळा

इंग्रजीत लिहिताना आपल्या लोकांची ही जोडी हमखास चुकते. मराठीत दोन्हींसाठी सर्रास 'संसर्गजन्य' वापरतात. मग शब्दकोशातला पहिला अर्थ उचलायचा आणि पुढे पळायचं. ही घाई मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे डेंग्यूला 'कन्टेजस' म्हणणं. आजार जंतूंमुळे झाला असेल तर तो 'इन्फेक्शस'. तो माणसाकडून थेट माणसाला लागत असेल तरच 'कन्टेजस'. गोवर, कांजिण्या, फ्लू दोन्हींत बसतात. डेंग्यू, मलेरिया, धनुर्वात, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) मात्र 'इन्फेक्शस'च. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत जातात, लेप्टोचे उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येतात.

"एवढ्याने काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यांनी हे ऐकावं. एका पावसाळ्यात आमच्या सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि फलकावर इंग्रजी नोटीस लागली: 'हायली कन्टेजस'. झालं! त्या घरी कामाला जाणाऱ्या मावशींना बाकीच्यांनी दारातूनच परत पाठवलं. लिफ्टची बटणं दिवसभर सॅनिटायझरने पुसली जात होती. गच्चीवरची उघडी पिंपं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र तशाच भरलेल्या. डेंग्यूचा एडिस डास वाढतो तो तिथल्या साचलेल्या पाण्यात. मी नोटीस बदलायला सांगितली, तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो मॅडम, लोकांना अर्थ कळला ना, बस झालं." लोकांना नेमका चुकीचा अर्थ कळला होता.

माझी सवय सांगते. 'कन्टेजस' लिहिण्याआधी मी डोळ्यांसमोर रुग्ण आणि त्याच्या शेजारी बसलेला माणूस आणते. मध्ये डास, माती, पाणी काहीच नसताना आजार पलीकडे जाईल का? जात असेल तरच तो शब्द. भाषांतराच्या ॲपला हे विचारू नका, आजाराची माहिती वाचा.

'कन्टेजस' म्हणजे फक्त स्पर्शाने पसरणारा, असंही नाही. शब्दाचं लॅटिन मूळ स्पर्शाचं आहे खरं, पण गोवर हवेतून पसरतो आणि तरी तो 'कन्टेजस'च.

नियम नुकताच पाठ केलेले लोक आणखी एक घोळ करतात: 'पेशंट इज इन्फेक्शस' हे वाक्य चूक ठरवतात. ते बरोबर आहे. माणसाबद्दल बोलताना डॉक्टर हा शब्द 'याच्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते' या अर्थी वापरतात. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याआधी 4 दिवसांपासून नंतर 4 दिवसांपर्यंत असा 'इन्फेक्शस' असतो.

उच्चार 'कन्टेजियस' नाही, 'कन्टेजस'.

हसू आणि उत्साह यांना दोन्ही शब्द चालतात, मी 'इन्फेक्शस' लिहिते. जांभईला 'कन्टेजस'. घबराटीलाही तोच.