नाशिकचे आकाश कसे पाहावे: वळीव, वीज आणि सूर्यास्त

नाशिकच्या आकाशावर सर्वांत मोठा अधिकार पश्चिमेच्या डोंगररांगेचा आहे. अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि आपला बहुतेक पाऊस इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातच टाकतात. इगतपुरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या निम्माही पडत नाही, आणि निफाडकडे तो आणखी कमी होतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी घाटावर ढग दाटलेले, शहरावर विखुरलेले आणि पूर्वेला आकाश मोकळे, अशी तिन्ही रूपे तासाभराच्या प्रवासात सापडू शकतात. आकाश पाहायला बाहेर पडणाऱ्याने सर्वप्रथम ठरवायचे ते हेच, की आज यांपैकी कुठे उभे राहायचे.

जुलै आणि ऑगस्टमध्ये फार अपेक्षा ठेवू नये, कारण त्या दिवसांत घाटावर ढगांचा सलग थर असतो आणि सूर्य बहुधा त्याच्याआडच मावळतो. खरे वैभव एप्रिल-मेच्या वळवात, जूनच्या पहिल्या सरींत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात असते.

सूर्यास्ताची दिशा आधी माहीत असावी. नाशिकच्या अक्षांशावर सूर्य जूनमध्ये पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला, तर डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला मावळतो. म्हणूनच शहरातून पाहताना हिवाळ्यात तो अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या बाजूला उतरतो, आणि जूनमध्ये हरसूलच्या दिशेला सरकलेला असतो. वेळही बदलते: जूनअखेर सव्वासातच्या आसपास, नोव्हेंबरअखेर सहाच्या थोडे आधी. डोंगरामागे सूर्य पंचांगातल्या वेळेपूर्वीच दिसेनासा होतो, तेव्हा जागेवर किमान अर्धा तास आधी पोहोचावे. पाण्यातले प्रतिबिंब हवे असेल तर बंदी असलेला भाग टाळून गंगापूर धरणाचा पूर्वेकडचा काठ गाठावा. चारही दिशा हव्या असतील तर दिंडोरीच्या वाटेवरचा एकटा उभा रामशेज किल्ला उत्तम, मात्र तिथे निरभ्र किंवा विजेची शक्यता नसलेल्या दिवशीच जावे.

आकाश आज रंगेल की नाही, याचा अंदाज दुपारीच बांधता येतो. मावळत्या सूर्याचा प्रकाश वातावरणातून दुपारच्या मानाने कितीतरी लांबचा मार्ग कापून येतो, त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि नारिंगी व लाल उरतो. हा उरलेला प्रकाश झेलायला वर ढग हवेत, आणि तो आत यायला पश्चिमेचे क्षितिज उघडे हवे. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रे असतात. शहरावर विरळ उंच ढग आहेत, पण किनाऱ्यापलीकडचा समुद्र मोकळा आहे, असे चित्र दिसले तर हातातले काम सोडून निघावे. धूळ आणि धूर यांमुळे सूर्यास्त अधिक सुंदर होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. जमिनीलगतची धूळ रंग मळकट करते. सर्वांत स्वच्छ, गडद रंग पाऊस पडून हवा धुतली गेल्यानंतरच दिसतात.

सूर्य दिसेनासा झाला की बहुतेक माणसे गाड्या सुरू करतात, आणि याची मला दर वेळी मनापासून हळहळ वाटते. उंच ढगांना खालून प्रकाश मिळतो तो सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर, म्हणून सर्वांत गहिरा रंग पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत येतो. याच वेळी एकदा पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे. आकाश निरभ्र असेल तर क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्यावर गुलाबी कड असते. तो निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्य मावळण्यापूर्वी पूर्वेला पाऊस पडत असेल तर इंद्रधनुष्यही त्याच बाजूला असते, आणि सूर्य जितका खाली तितकी त्याची कमान मोठी.

वळवाचा ढग पाहायचा तर तो दुरून पाहावा, हे माझे ठाम मत आहे. अंगावर आलेल्या वादळात फक्त धूळ, वारा आणि अंधार दिसतो. तोच ढग तीस-चाळीस किलोमीटरवरून पाहिला तर त्याची संपूर्ण घडण डोळ्यांसमोर उलगडते. तापलेल्या जमिनीवरून दमट हवा वर उसळते, दुपारनंतर कोबीच्या गड्ड्यासारखी शिखरे फुगत जातात आणि बारा किलोमीटरच्याही वर पोहोचली, की त्यांचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. सिन्नर किंवा येवल्याच्या बाजूला असा ढग उभा राहिला आणि पश्चिमेला ऊन असले, तर तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत उजळतो आणि जमिनीवर अंधार पडल्यानंतरही त्याचा माथा काही काळ पेटलेला राहतो. अचानक गार वारा सुटणे ही मात्र ढग जवळ आल्याची खूण आहे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर पाहणे थांबवून पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या छताच्या बंद मोटारीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाड, किल्ल्याचा माथा, धरणाचा काठ आणि उघडे शेत या जागा अशा वेळी जिवावर बेततात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. निघण्यापूर्वी ते फोनमध्ये घ्यावे. हेच ढग निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर गारा टाकतात आणि वर्षाची मेहनत काही मिनिटांत झोडपून जातात. म्हणून कोणाच्या बांधावर उभे राहून पाहात असाल तर त्या घरच्या माणसांना ढगाची आणि इशाऱ्याची माहिती आधी द्यावी, छायाचित्र नंतर काढावे.

छायाचित्रासाठी मोबाइलवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून प्रकाश तिथेच स्थिर करावा आणि थोडा कमी करावा, म्हणजे ढगांचे रंग पांढरे पडत नाहीत. कॅमेऱ्याने रात्रीची वीज टिपायची असेल तर तो सुरक्षित आडोशातून, खिडकीत ट्रायपॉडवर ठेवावा, फोकस हाताने दूरवर लावावा, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १०० ठेवावी आणि दर वेळी दहा ते वीस सेकंद शटर उघडे ठेवून एकामागून एक छायाचित्रे काढत राहावीत. सूर्य अजून प्रखर असताना दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे कधीही पाहू नये. त्यासाठी मागचा पडदाच वापरावा.