रीस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन संपेपर्यंत युजरला थांबवायचंय? या चुका टाळा

ऑफिसमधली किंवा कॉलेजच्या लॅबमधली विंडोज मशिन्स सांभाळणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. जुनी आवृत्ती काढली, मशीन रीस्टार्ट झालं, नवी आवृत्ती बसतेय आणि तेवढ्यात कोणीतरी लॉगइन करून त्याच प्रोग्रॅमच्या आयकॉनवर डबल-क्लिक करतं. फाइल वापरात अडकते, इन्स्टॉलरला ती बदलता येत नाही, मग तो बदल पुढच्या रीस्टार्टवर ढकलतो आणि ३०१० हा कोड देतो. म्हणजे इन्स्टॉल झालंय, पण पुन्हा रीस्टार्ट लागेल. आपल्या स्क्रिप्टमध्ये ‘शून्य नाही म्हणजे फेल’ असं लिहिलेलं असेल, तर ती तेच इन्स्टॉलेशन उगाच पहिल्यापासून सुरू करते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कीबोर्ड-माउस बंद करणं. कृपा करून हे करू नका. विंडोजचं ब्लॉकइनपुट हे फंक्शन कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की सुटतं, आणि ते चालवणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तरी सुटतं. त्यातून अडवणूक टिकली तर आणखी वाईट. समोर लोक रांगेत उभे आहेत, माउस हलत नाही, स्क्रीनवर काही लिहिलेलं नाही. अशा वेळी माणूस पॉवरचं बटण दाबून धरणारच. त्याचा काही दोष नाही. पण इन्स्टॉलेशनच्या मध्यावर वीज तोडण्याइतकं नुकसान त्याच्या डबल-क्लिकनेही झालं नसतं.

काम लॉगइनच्या आधीच उरकलं, तर अडवायची वेळच येत नाही. डोमेनमधल्या, म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या मशिन्ससाठी ग्रुप पॉलिसीची (सगळ्या मशिन्सना एकत्र नियम लावणारी सोय) स्टार्टअप स्क्रिप्ट हा सरळ मार्ग आहे. ती विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटवर चालते, कोणाच्या लॉगइनची गरज नसते. इथे मात्र बरेच जण फसतात. व्हिस्टापासून या स्क्रिप्ट डीफॉल्टने असिंक्रोनस चालतात, म्हणजे स्क्रिप्ट मागे चालू असतानाच लॉगइन स्क्रीन पुढे येते. ‘रन स्टार्टअप स्क्रिप्ट्स असिंक्रोनसली’ ही पॉलिसी स्वतःहून ‘डिसेबल्ड’ करावी लागते. ‘नॉट कॉन्फिगर्ड’ ठेवून भागत नाही.

त्याच्याच शेजारी स्क्रिप्टसाठी थांबण्याची कमाल वेळ ठरवणारी पॉलिसी आहे. डीफॉल्ट ६०० सेकंद. मोठं पॅकेज जुन्या हार्ड डिस्कवर दहा मिनिटांत बसत नाही, आणि वेळ संपली की विंडोज स्क्रिप्ट तिथेच थांबवतं. म्हणून काही जण तिथे ० टाकतात, म्हणजे कितीही वेळ थांब. हेही धोक्याचं. इन्स्टॉलरने ‘ओके’ विचारणारी एखादी खिडकी उघडली, तर ती सेशन शून्यमध्ये, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या सेशनमध्ये उघडते. समोरच्याला ती दिसतही नाही आणि मशीन सकाळभर अडकून राहतं. सगळ्यांत हळू मशीनवर किती वेळ लागतो ते मोजा, त्यावर थोडी सवलत ठेवून आकडा टाका. एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरचं पॅकेज) असेल तर स्लॅश क्यूएन (काहीही न विचारता बसवणारा) आणि स्लॅश नोरीस्टार्ट (आपोआप रीस्टार्ट न करणारा) हे दोन्ही स्विच हवेतच. सेटअप फाइल नेटवर्कवरून थेट चालवू नका. आधी डिस्कवर कॉपी करा.

रनवन्सवर, म्हणजे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एकदाच चालणाऱ्या नोंदीवर भिस्त ठेवू नका. ते लॉगइन झाल्यावर चालतं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच होतं. शिवाय विंडोज आधी नोंद पुसतं आणि मग कमांड चालवतं. मध्येच मशीन बंद झालं तर ते काम पुन्हा होत नाही. नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिलं तर नोंद काम संपेपर्यंत टिकते, पण साध्या युजरकडे अ‍ॅडमिनचे अधिकार नसतात, तो प्रश्न उरतोच. त्यासाठी ऑटोलॉगऑन (आपोआप लॉगइन) लावून रजिस्ट्रीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड उघडा लिहून ठेवणं तर अजिबात नको.

‘शटडाउन करून चालू केलं, तरी काहीच झालं नाही’ ही तक्रार आली, तर आधी फास्ट स्टार्टअप बघा. विंडोज ८ पासून शटडाउनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) झोपवून ठेवलं जातं, खरा बूट होत नाही. स्टार्टअप स्क्रिप्ट राहून जाऊ शकते. युजरला ‘रीस्टार्ट करा’ असंच सांगा.

आणि सांगाच. रीस्टार्टच्या आधी लॉगऑनची सूचना दाखवणाऱ्या पॉलिसीत मराठीत दोन ओळी टाका: ‘नवं सॉफ्टवेअर बसत आहे. साधारण पंधरा मिनिटं लागतील, मशीन बंद करू नका.’ काम पुरं झालं किंवा फसलं, दोन्ही वेळा ती सूचना काढणारी ओळ स्क्रिप्टमध्ये हवी, नाहीतर आठवडाभर लोक वाट बघत बसतील.

इंट्यून आणि ऑटोपायलट (मशिन्स क्लाउडवरून सांभाळण्याच्या आणि तयार करण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा) वापरत असाल तर एनरोलमेंट स्टेटस पेज, म्हणजे मशीन तयार होताना प्रगती दाखवणारं पान, हीच अडवणूक नीट करतं. त्याची मुदत डीफॉल्टने ६० मिनिटं. तिथे विन३२ अ‍ॅप्स आणि लाइन-ऑफ-बिझनेस एमएसआय, हे इंट्यूनमधले अ‍ॅप्सचे दोन प्रकार, एकत्र मिसळू नका. दोन इन्स्टॉलेशन्स एकाच वेळी सुरू झाली की १६१८ हा एरर कोड येतो आणि सगळं पेज फेल होतं. अत्यावश्यक तेवढीच अ‍ॅप्स अडवणाऱ्या यादीत ठेवा.

सगळं जमलं की एका मशीनवर इन्स्टॉलेशन चालू असताना मुद्दाम नेटवर्कची केबल काढा. लॉगइन स्क्रीन ठरलेल्या वेळेत परत येते का आणि लॉगमध्ये कारण लिहिलेलं सापडतं का ते बघा. दोन्ही झालं तरच बाकीच्या मशिन्सवर सोडा.